‘खा लिया’ सर

हरडे सरांवर मी लिहावं, एवढी माझी लायकी नाही. त्यांच्याबरोबर आयुष्यभर शिकवलेले प्राध्यापक मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आहेत, त्यांच्या हाताखालून गेलेले डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी लिहील, असं वाटत होतं. अजून कोणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मी धीर करतो आहे. माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी घरात बोललो, आणि वाचायला शिकलो ती लांजीच्या बसस्टँडवर, गोंदियाहून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिताना कुठं शब्द घसरला तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. हे हिंदीत लिहायचा प्रयत्न मी केला होता. पण सर माझ्याशी मराठीतच बोलायचे, आणि हिंदीत ते मला कोणी दुसरेच वाटायला लागले.

सर आम्हाला बी.एस्सी.ला जैवरसायन शिकवायचे. ते वर्गात कधी खुर्चीवर बसलेले मला आठवत नाहीत. खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची. सर फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहायचे, आणि फिरताना घड्याळाकडे बघायचे. शिकवता शिकवता एकदम थांबायचे, दाराबाहेर जायचे, आणि आम्हाला फोनवरचा आवाज ऐकू यायचा, “रेवा, खाल्लं का? काय खाल्लं? सगळं का अर्धं?” मग आत येऊन, वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू करायचे. रेवा म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा ती शाळेत होती.

इतरांनाही ते सोडत नसत. नमस्कार, कसं काय, हे त्यांच्याकडे नव्हतं. जिन्यात, प्रयोगशाळेत, पार्किंगमध्ये, जो भेटेल त्याला एकच प्रश्न, “खा लिया?” हो म्हटलं की पुढचा प्रश्न, “क्या?” त्यावरून मुलांनी त्यांचं नाव ‘खा लिया सर’ पाडलं होतं. एकदा तपासणीला बाहेरून एक साहेब आले होते. सरांनी त्यांनाही विचारलं. साहेबांना वाटलं, जेवायचं आमंत्रण आहे. ते संकोचानं “अभी तो नहीं” म्हणाले आणि दुपारी सरळ सरांच्या स्कूटरवर मागे जाऊन बसले. सरांनी त्यांना घरी नेलं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, वरण-भात वाढला. कॉलेजचा अहवाल चांगला गेला, आणि त्याचं श्रेय प्राचार्यांनी स्वतःकडे घेतलं.

आम्ही हसायचो. या प्रश्नामागं काय आहे, ते आम्हाला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा थोडंसं लक्षात आलं ते बांबूच्या तासाला. सरांनी वनखात्याच्या डेपोजवळून एक लांबच लांब बांबू आणला होता. तो वर्गाच्या दारातून आत येईना, म्हणून दोन पोरांनी खिडकीतून ओढून घेतला. सर म्हणाले, आपल्या शरीरातली चरबी म्हणजे हा बांबू. चुलीजवळ काड्या असतात, ती साखर. खाऊन थोडाच वेळ झालेला असतो तोवर काड्या पुरतात. उपास झाला, ताप आला, खूप धावपळ झाली, की काड्या संपतात. मग अंगणातला बांबू आणावा लागतो. पण अख्खा बांबू चुलीत जात नाही. तो दोन-दोन कांडी करत तोडावा लागतो. पेशीच्या आत छोट्या छोट्या भट्ट्या असतात, त्यांना माइटोकॉन्ड्रिया म्हणतात. तिथं हे तोडकाम चालतं. लांब बांबूला पहिला घाव घालणारी एक खास आरी असते. त्या आरीचं नाव सरांनी एका श्वासात सांगितलं, “व्हेरी लाँग चेन ॲसिल को-ए डिहायड्रोजनेज.” पोरांनी ते म्हणायचा प्रयत्न केला आणि वर्गात हसू पसरलं. सर खाली उकिडवे बसून खरोखरच आरीनं बांबू कापत होते. घाम त्यांच्या चष्म्यावर टपकत होता.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “सर, किसी के पास ये आरी ही ना हो तो?”

सरांचा हात थांबला. “तो बांस का ढेर लग जाएगा,” ते म्हणाले, “और चूल्हा बुझ जाएगा.”

“ऐसा होता है क्या, सर?”

“होता है.” ते उठले, हात झटकले आणि फोन घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी ते वाक्य पुरं करायला परत आले नाहीत.

हरतालिकेच्या दिवशी सरांचं आणि मुलींचं दरवर्षी वाजायचं. आमच्या भागात मुली निर्जळी उपास करतात, पाणीसुद्धा नाही. एका वर्षी त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. सर टेबलांमधून फिरत होते आणि त्यांच्यानं राहवत नव्हतं. शेवटी ते गीता राऊतच्या टेबलाशी थांबले. गीता आमच्या वर्गातली सर्वांत फटकळ मुलगी.

“पाणी तरी पिऊन घे.”

“निर्जला आहे, सर.”

“लिंबू-पाणी?”

“सर, त्यात पाणी असते,” गीता म्हणाली. सगळे हसले. “तुम्ही आमच्या उपासाच्या मागं काहून लागता? माझी आई करते, तिची आई करत होती. कोणाले काही झालं नाही.”

सर म्हणाले, “हौ. तुले काही होणार नाही.” एवढंच. मग त्यांनी त्या दिवसाचं प्रॅक्टिकल रद्द केलं आणि मुलींना घरी पाठवलं. गीता जाताना मला म्हणाली, “आज गुरुजींचं काही बिनसलं आहे.”

मला ते कळलं ते पुढच्या हिवाळ्यात. मी भाड्याच्या खोलीत तापानं पडलो होतो. आईनं गावाहून फोनवर सांगितलं होतं, तापात पोटाला आराम दे, काही खाऊ नको. आमच्याकडे असंच करतात. लंघन केलं की ताप पळतो, असं म्हणतात. मी दोन दिवस कॉलेजात दिसलो नाही, तर दुपारी सर दारात उभे. हातात स्टीलचा डबा, त्यात काकूंनी केलेली भाताची पेज, मीठ घातलेली.

“लंघन करून राह्यला का?”

मी मान हलवली. सरांनी पेज वाटीत ओतली. मी पिईपर्यंत ते त्या एवढ्याशा खोलीत इकडून तिकडे फिरत होते, तीन पावलांवर भिंत होती तरी. आणि मी न विचारताच सांगायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवर टांगलेल्या माझ्या शर्टाशी बोलत असल्यासारखे बोलत होते.

रेवाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. चालायला लागला होता. त्याला ताप आला. सरांच्या आई म्हणाल्या, पोट रिकामं ठेवा, ताप उतरेल. सरांनाही ते पटलं. “आईनं आम्हा सगळ्या भावंडांले असंच वाढवलं. आम्ही जगलो ना? मग त्याच्यात शंका घेण्यासारखं काय होतं? पोरगं दूध मागत होतं, आम्ही पाणी देत होतो. ताप उतरला. खरंच उतरला. अन् पोरगं उठलंच नाही.”

तेव्हा कारण कोणालाच सांगता आलं नाही. घरात म्हणाले, नजर लागली. पुढं रेवा झाली. नागपूरच्या एका डॉक्टरांनी पहिल्या मुलाची हकीकत ऐकून तिचं रक्त दूर कुठंतरी तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आला. तिच्या शरीरात ती आरी नव्हती. सर म्हणाले, “तिचा रिपोर्ट वाचला तेव्हा मले त्याचं समजलं. अन् मी ते दरवर्षी शिकवत होतो. दरवर्षी. त्याच फळ्यावर.”

मी वाटी खाली ठेवली.

“आईले मी सांगितलं नाही,” सर म्हणाले. “ती जाईपर्यंत नजर लागली असंच समजत होती. समजू दिलं. तिनं तं सगळ्या लेकरांसाठी केलं तेच केलं होतं.”

मग रेवाचं सांगितलं. तिला उपाशी ठेवायचं नाही, हाच तिचा सगळ्यांत मोठा उपचार. थोडं थोडं, वेळेवर. तेल-तूप मोजून, डॉक्टरांनी सांगितलेलं खास तेल तेवढं चालतं, कारण त्याचे बांबू आखूड असतात, ते दुसऱ्या आरीनं तुटतात. निजताना कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून, ते हळूहळू पचतं आणि रात्रभर पुरतं. ताप, उलट्या, लांबचा प्रवास, जिथं जिथं माणूस जेवण विसरतो तिथं तिथं तिनं आधी खायचं. “आता मी आहे, तं मी मागं लागतो. मी नसलो तं ही खाईन का? माझ्या डोक्यात तेवढंच चालते. बाकी डोक्यात काहीच नाही. पेज पिऊन घे, थंडी होऊन राह्यली.”

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे, भूक लागली की माणूस खातोच. पण आपल्याकडे खाण्याची वेळ भूक ठरवत नाही. पूजा, पाहुणे, मोठी माणसं ठरवतात. हे मी रामपायलीला पाहिलं.

सरांच्या मोठ्या बहिणीनं, रेवाच्या आत्यानं, रामपायलीच्या मंदिरात महाप्रसाद ठेवला होता. सरांनी मला आणि गीताला वाढायला मदतीला नेलं होतं. आरती झाली की नैवेद्य, नैवेद्य झाला की पंगत. पण आत्यांनी कोणी पुढारी बोलावले होते आणि त्यांच्याशिवाय आरती सुरू होईना. ते बैहरहून निघाले आहेत, असा निरोप येत होता. पुन्हा तोच निरोप. ऊन चढलं. लोक सतरंजीवर गप्पा मारत बसले होते. रेवा तेव्हा दहावीत असेल. ती बायकांमध्ये शहाण्यासारखी बसली होती. सर मंडपाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, “डबा घरी राहिला. आयुष्यात कधी विसरलो नाही, आज दारात ठेवला अन् विसरलो.” बाहेर जाऊन बघून आले. दुकानं पंगतीमुळं बंद होती, दुकानदार मंडपातच बसले होते.

मग ते सरळ आचाऱ्याकडे गेले. भाताच्या पातेल्यावरचं केळीचं पान उचललं आणि वाटीत भात घेतला.

“मधू.” आत्या उठून उभ्या राहिल्या. “देवाच्या आधी? सगळं उष्टं करून राह्यला तू.”

“ताई, देवाले उशीर चालते,” सर म्हणाले. “हिले नाही चालत.”

सर रेवापुढं वाटी घेऊन बसले. रेवा म्हणाली, “मले भूक नाही.” सर म्हणाले, “भुकेचं कोणं विचारलं?” तिनं मान खाली घालून घास खाल्ले. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं. शंभर माणसं उपाशी बसलेली आणि ती एकटी खाणारी. तोंड चालत होतं आणि ती पदर नसलेल्या फ्रॉकमध्ये पदर शोधत असल्यासारखी हात चेहऱ्यापुढं धरत होती.

परत येताना जीपमध्ये ती गीताजवळ बसली होती. सर पुढं ड्रायव्हरशेजारी. रेवा अगदी शांतपणे म्हणाली, “ताई, मी मेली तरी चालेल. पण सगळे उपाशी असताना मी पुन्हा एकटी खाणार नाही.”

सरांनी ऐकलं होतं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. फक्त त्यांचा गुडघा हलायला लागला, तो वारासिवनीपर्यंत थांबला नाही.

त्यानंतर रेवा खायची, पण लपून. शाळेत बाथरूममध्ये डबा खायची, लग्नकार्यात कोठीच्या खोलीत. जिथं लपायला जागा नसेल तिथं खायची नाही, आणि सरांची तगमग तिथं सुरू व्हायची. लपायला जागा प्रत्येक ठिकाणी थोडीच असते, असं ते एकदा मला म्हणाले.

बारावीनंतर तिनं जबलपूरला शिकायला जायचं ठरवलं. हॉस्टेलात. सरांनी दहा कारणं काढली. काकू शांत स्वभावाच्या, कमी बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, “जाऊ द्या तिले. तुम्ही काय तिच्या पोटात जाऊन बसणार आहे?” रेवानं अट घातली. खाल्लं का, असं फोनवर विचारायचं नाही. दुसरं काहीही विचारा. सरांनी अट मान्य केली.

मी तेव्हा एम.एस्सी.साठी रायपूरला होतो. मला सरांचे फोन यायला लागले. आधी वर्षातून दोनदा येत असतील, आता दर दोन-तीन दिवसांनी. “काय चाललं? जेवला का? काय जेवला?” मी सांगायचो. वरण-भात, भेंडीची भाजी. “सगळं का अर्धं?” सगळं, सर. “बरं, बरं. ठेवतो.” मेसमधली मुलं मला चिडवायची, घरून रोज हजेरी होते म्हणून. माझ्या घरून तसं कोणी विचारत नव्हतं. सर कोणाला विचारत आहेत, ते मला माहीत होतं. तरी मी नीट उत्तर द्यायचो, आणि त्या दिवसांत मी कधी जेवण चुकवलं नाही.

दिवाळीत गावी आलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. मी त्यांना पाहिलं ते शेवटचंच. सर ओसरीत फिरत होते, खिसे चाचपत होते.

“फोन कुठं आहे, सर?”

“तांदळाच्या डब्यात,” आतून काकू म्हणाल्या. “स्वतःच ठेवला. हाताशी राहिला की बोट जाते म्हणतात.”

आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात डबा वाजायला लागला. सर धावले. झाकण निघेना. काकूंनी डबा धरला, सरांनी झाकण ओढलं आणि अर्धे तांदूळ स्वयंपाकघरभर झाले. रेवाचा फोन होता. परीक्षेचा फॉर्म भरताना आईच्या नावाचं काहीतरी विचारायचं होतं. सर “हौ... हौ... बरं...” करत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली होती. फोन संपला.

“नाही विचारलं,” ते म्हणाले.

“दिसलं,” काकू म्हणाल्या.

मग दोघं खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले. मीही बसलो. सरांना जमिनीवर असं निवांत बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, पण निवांत नव्हतेच ते. मूठभर तांदूळ उचलायचे आणि अर्धे पुन्हा सांडायचे. काकू म्हणाल्या, तुम्ही उठा, तुमच्यानं काम वाढूनच राह्यलं.

उन्हाळ्याच्या सुमारास फोन बंद झाले. मला वाटलं, आता सरांना रेवाचा भरवसा वाटायला लागला असेल. थोडं वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. माझी परीक्षा होती, मीही केला नाही. परीक्षा संपल्यावर गीताचा फोन आला. ती बालाघाटातच शाळेत शिकवते. तिला वाटलं होतं, मला कळलं असेल.

सर सकाळी स्कूटर काढताना दारातच कोसळले होते. हृदय. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. त्याला आता पंधरवडा होऊन गेला होता.

गीताच पुढं सांगत राहिली. रेवाला जबलपूरहून यायला दुपार झाली. सरांचे भाऊ पुण्याहून निघाले होते, त्यांच्यासाठी थांबले होते सगळे. घरात चूल नाही. ओसरीत, अंगणात, रस्त्यावर माणसं बसलेली. आपल्याकडे माती निघेपर्यंत कोणी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. काकूंना शुद्ध नव्हती. रेवा सरांच्या पायाशी बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

“मी मागं उभी होती,” गीता म्हणाली. “मले रामपायली आठवत होती. वाटे, जाऊन सांगावं का हिले? पण त्या गर्दीत कसं सांगणार? अन् कोण सांगणार? सांगणारा तं तिथं झोपेल होता.”

“मग?”

“मग तीच उठली. आपली बॅग आणली. त्यातून डबा काढला. भात होता, केळं होतं. खोलीत नाही गेली, रे. मी दाराकडं सरकली होती, तिला वाट द्यायले. ती परत तिथंच बसली, सरांजवळ, सगळ्यांसमोर. अन् खायला लागली.”

“कोणी बोललं नाही?”

“आत्या बोलल्या ना. म्हणाल्या, ‘अवं पोरी, बाप समोर असून...’ तं रेवा म्हणाली, ‘आत्या, अग्नी मले द्यायचा आहे. घाट दूर आहे, चालत जायचं आहे.’ एवढंच. रडत होती अन् चावत होती. आत्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग उठून आत गेल्या अन् तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.”

मी विचारलं, सगळं खाल्लं का.

“सगळं,” ती म्हणाली. “डबा धुतला, बॅगेत ठेवला, अन् वैनगंगेपर्यंत पुढं चालत गेली.”